उंबऱ्याच्या दोन बाजू

गेल्या जून महिन्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर एक कागद आठ दिवस पडून होता. मिठाची बरणी, लोणच्याची सट आणि वर्तमानपत्र यांच्याइतकाच तो त्या टेबलाचा झाला होता. कागद साधाच. आमच्या कन्येने बी.ए.चे पहिले वर्ष पार पाडले होते, आणि दुसऱ्या वर्षासाठी मुख्य विषय कोणता, जोडविषय कोणता, हे भरून खाली पालकाची सही आणायची होती. मुख्य विषयापुढे तिने आपल्या किरट्या अक्षरात लिहिले होते, 'समाजशास्त्र'. जोडविषयापुढे लिहिले होते, 'मानवशास्त्र'. सहीची जागा तेवढी मोकळी होती. सही माझी व्हायची होती, आणि माझे पेन काही केल्या सापडत नव्हते.

खरे सांगायचे तर, विरोध करण्याचा मला काडीचाही अधिकार नव्हता. मी मराठीचा एम.ए. 'मराठी काय, ती तर आपण घरातही बोलतो. तिची पदवी घेऊन खाणार काय?' असे माझ्या वडिलांनी मला विचारले, त्याला आता पंचवीस वर्षे होऊन गेली. तोच प्रश्न, तसाच घसा खाकरून, मी मुलीला विचारत होतो. माणसाला वारशाने घर मिळो न मिळो, वडिलांचे प्रश्न मात्र बिनतक्रार मिळतात.

सौभाग्यवतींचा आक्षेप निराळा होता. "समाजाचं शास्त्र घे, नाहीतर माणसाचं घे. समाज काय माणसांवाचून असतो? एकच दळण दोनदा गिरणीत न्यायचं आणि वर पैसे दोनदा द्यायचे!" आमच्या शेजारचे निवृत्त साहेब संध्याकाळी चहाला आले, त्यांनी तर या मताला सरकारी शिक्काच मारला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत २०१३ पूर्वी दोन ऐच्छिक विषय घ्यावे लागत, आणि त्यात मानवशास्त्र व समाजशास्त्र ही जोडी एकत्र घ्यायला मनाई होती. "इतके ते विषय सारखे!" साहेब म्हणाले. "जे आयोगाला कळलं ते आपल्या मुलीला कळू नये?"

"काका, आता एकच ऐच्छिक विषय असतो," कन्या शांतपणे म्हणाली, "आणि मला कलेक्टर व्हायचंय असं मी कुठं म्हटलं?"

साहेबांनी चहा संपवला. नव्या शैक्षणिक धोरणाने २०२४ पासून आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत मुख्य विषय आणि जोडविषय अशी व्यवस्था आणली आहे, हे मी जाणत होतो. वर्गात मुलांना समजावूनही सांगत होतो. पण धोरण दुसऱ्याच्या मुलांसाठी समजावून सांगणे आणि आपल्या मुलीच्या कागदावर सही करणे, यात फार अंतर आहे.

शेवटी तिनेच तोड काढली. "बाबा, लगेच सही करू नका. मला सुट्टीत एक काम दिलंय. दोन घरांच्या वंशावळी काढायच्या. एक आपल्या घराची आणि एक अशा घराची, जे आपलं नाही. आपल्यासाठी मी भोरला आजीकडं जाणार आहे. तुम्हीही चला. आल्यावर जे वाटेल ते करा."

स्वारगेटहून भोरची एस.टी. पकडली. बापलेक शेजारी बसले की गप्पांना खिडकीबाहेरचा आधार लागतो. खेड-शिवापूर मागे पडले तेव्हा मी विचारले, "आता मला हे सांग, तुझ्या या दोन शास्त्रांत फरक काय?"

"समजा, एका तालुक्यात मुलं शाळा सोडतात," ती म्हणाली. "समाजशास्त्रवाला विचारील, किती सोडतात, कुठल्या जातीची, किती उत्पन्नाच्या घरातली, मुली किती, मुलगे किती. मानवशास्त्रवाला जाऊन गावात राहील आणि एका घरातलं पोर सकाळी उठून शाळेऐवजी कुठं जातं ते बघेल. एक मोजतं, दुसरं मुक्काम करतं. तसं दोघंही दोन्ही करतात म्हणा, पण तुम्हाला कळावं म्हणून सांगते."

तिने दोन नावे सांगितली. फ्रान्समधल्या एमिल दुर्खाइमने १८९७ साली आत्महत्येवर एक ग्रंथ लिहिला. इतकी खाजगी, एकट्याने करायची गोष्ट. पण निरनिराळ्या देशांचे आणि धर्मांचे आकडे शेजारी शेजारी मांडून त्याने दाखवले, की तिचे प्रमाण समाजाच्या घडणीप्रमाणे कमीजास्त होते. दुसरा मॅलिनोव्हस्की. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर तंबू ठोकून राहिला, तिथल्या लोकांची भाषा शिकला, आणि १९२२ साली त्याने त्यांच्या व्यवहारावर पुस्तक लिहिले.

"मग भांडण कुठे आहे?" मी म्हणालो. "एकाने मोजावे, दुसऱ्याने राहावे."

"भांडण नाही, पण आपल्याकडे मधे एक रेघ आहे. डोंगरातल्या माणसाचा अभ्यास केला की ते मानवशास्त्र, आणि सोसायटीत राहणाऱ्या माणसाचा केला की समाजशास्त्र, असं लोकांच्या डोक्यात बसलंय. 'ते' म्हणजे मानवशास्त्र; 'आपण' म्हणजे समाजशास्त्र."

मला हसू आले, कारण माझ्याही डोक्यात नेमके हेच होते. आणि गंमत अशी, की ही रेघ आखायला आपण शिकलो ते साहेबापासून, पण साहेबाने तिच्या अलीकडे आपल्याला कधीच घेतले नव्हते. एन्थोव्हेन नावाच्या अधिकाऱ्याने १९२० ते १९२२ या काळात मुंबई इलाख्यातल्या जातिजमातींवर तीन खंड प्रसिद्ध केले. त्यात अकारविल्हे ब्राह्मण आहेत, तसे कातकरीही आहेत. साहेबाच्या लेखी सगळेच 'ते' होते.

आपल्याकडे ज्यांनी ही शास्त्रे रुजवली त्यांना ही रेघ मान्य नव्हती. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडीस यांनी १९१९ साली सुरू केला, आणि १९२४ साली तो मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाती आला. घुर्ये मूळचे संस्कृतचे. केंब्रिजला जाऊन ते शिकले मानवशास्त्र, आणि परत येऊन शिकवले समाजशास्त्र. १९३२ साली त्यांनी जातिसंस्थेवर लिहिले आणि १९५७ साली महादेव कोळ्यांवर. केंब्रिजला त्यांचे गुरू होते रिव्हर्स. नात्यागोत्यांच्या वंशावळी काढून समाज समजून घेण्याची पद्धत याच रिव्हर्सने घालून दिली. पुरुषासाठी त्रिकोण, स्त्रीसाठी वर्तुळ, लग्नासाठी दोन आडव्या रेघा: माझ्या मुलीच्या वहीत जी चित्रे होती, ती त्या पद्धतीचीच पुढची पिढी.

आणि घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे. हे नाव तिने घेतले तेव्हा मी ताठ बसलो. इरावतीबाई म्हणजे माझा प्रांत! 'परिपूर्ती' १९४९ सालचे, 'भोवरा' १९६० सालचे. त्यांतले ललित निबंध मी कित्येक वर्षे वर्गात शिकवत आलो आहे. वारीत चालणारी ती बाई, तिचे निरीक्षण, तिची साधी वाक्यरचना, सगळे मला पाठ. "बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्ही त्यांची वाक्यरचना शिकवता. पण दिंडीत कोण कुणाबरोबर जेवत नाही, हे त्या टिपत होत्या, ते कशासाठी? डेक्कन कॉलेजात १९३९ पासून त्या जो विभाग चालवत होत्या त्याचं नाव काय होतं? समाजशास्त्र आणि मानवशास्त्र. एकच विभाग! आणि १९२८ साली एम.ए.ला त्यांनी प्रबंध कुणावर लिहिला? चित्पावनांवर. म्हणजे स्वतःच्याच लोकांवर."

कापूरहोळचा फाटा येईपर्यंत मी काही बोललो नाही. जी लेखिका मी मुलांना भाषेची श्रीमंती दाखवण्यासाठी वापरली, तिने आधी आपल्या घराला आपल्याच टेपने मोजले होते, हे माझ्या टिपणांत कुठेच नव्हते.

भोरचे आमचे घर राजवाड्यापासून पाच मिनिटांच्या वाटेवर आहे. माझे आजोबा संस्थानच्या दप्तरात कारकून होते; १९४८ साली संस्थान विलीन झाले, पण त्यांच्या बोलण्यातले 'दरबार' आणि 'सरकार' शेवटपर्यंत गेले नाही. माजघरात त्यांच्या हातची वंशावळ चौकटीत लावलेली आहे. नऊ पिढ्या, वळणदार अक्षर, झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा. लहानपणी मी पाहुण्यांना ती अभिमानाने दाखवत असे. मुलगी तिच्यासमोर उभी राहिली आणि दोन मिनिटांनी म्हणाली, "आजी, यात एकही बाई नाही."

आई डोळ्यांवर हात धरून पाहू लागली. पन्नास वर्षे तिने ती चौकट पुसली होती. "नाही खरंच," ती म्हणाली. "मीसुद्धा नाही."

मी विद्वत्तेचा आधार घेतला. वंशावळ म्हणजे मुळात वतनाचा आणि वाटणीचा कागद. ज्याला वाटा त्याचे नाव. २००५ सालच्या कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क दिला. आज हा कागद केला तर त्यांना गाळता येणार नाही. हे मी सांगत होतो खरा, पण माझे लक्ष सातव्या आणि आठव्या फांदीच्या मधल्या मोकळ्या जागेकडे होते. तिथे माझी आत्या असायला हवी होती. बाविसाव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी आली आणि चाळीस वर्षे याच माजघरात राहिली. मुळाक्षरे मला तिने शिकवली. जात्यावरच्या ओव्या मी पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकल्या. मी मराठीचा प्राध्यापक झालो, त्याचे मूळ शोधू गेले तर ते एम.ए.च्या अभ्यासक्रमात नाही, त्या बाईच्या आवाजात आहे. तिला मूल नव्हते, वाटा नव्हता, म्हणून नाव नव्हते.

मुलीने वहीत एक वर्तुळ काढले आणि त्याच्याखाली पेन्सिलीने आत्याचे नाव लिहिले. आई तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. म्हणाली, "शाईनं लिही."

मग दोघींचे सूत जमले. आई आपल्या सासूला 'आत्याबाई' म्हणत असे. मुलगी सांगू लागली, की महाराष्ट्रात अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. अशा लग्नात सुनेची सासू ही तिची खरोखरच आत्या असते. पुढे तसे नाते नसलेल्या घरांतही शब्द तेवढा राहिला. इरावतीबाईंनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात नात्यांच्या शब्दांना असेच साक्षीदार केले आहे. मी शब्दांवर पोट भरणारा माणूस. पण 'आत्याबाई' हा माझ्या लेखी केवळ एक गोड जुना शब्द होता. त्याच्या पोटात लग्नाचा एवढा मोठा व्यवहार असेल, हे मला माझ्या मुलीने सांगावे लागले.

जेवणे झाल्यावर तिने दुसरा प्रश्न काढला. "आजी, या घरात नात्याबाहेरचं कोण कोण येत असे?"

आईने बोटे मोडायला सुरुवात केली. कासारीण, कुंभार, भांडी घासायला येणाऱ्या मावशी. "आणि कातकरी," ती म्हणाली.

तो मलाही आठवत होता. मी शाळेत होतो त्या वर्षांत दर आठ-पंधरा दिवसांनी तो डोक्यावर मोळी घेऊन मागच्या दाराशी येई. उन्हाळ्यात करवंदे, कधी मध, पावसाच्या तोंडाला शेवळे. आई त्याला कधी रिकाम्या हाताने पाठवत नसे. भाकरी देई, जुने धोतर देई, एकदा त्याच्या पोराला ताप होता तर तिने स्वतः औषध आणून दिले. आणि चहा तर ठरलेलाच. परसाच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेला एक कप उपडा ठेवलेला असे. तो कप त्याचा. चहा वरून ओतायचा, त्याने उंबऱ्याच्या बाहेर बसून प्यायचा, आणि विसळून परत कोनाड्यात ठेवायचा.

"त्याचं नाव काय होतं?" मुलीने विचारले.

"कातकरी," आई म्हणाली. "आम्ही कातकरीच म्हणायचो."

"ती जमात झाली आजी. नाव?"

आई गप्प झाली. मीही आठवू लागलो. त्याचा चेहरा आठवत होता, पायांची बोटे आठवत होती, कपाचा रंगसुद्धा आठवत होता. नाव येत नव्हते. बारा-पंधरा वर्षे जो माणूस आमच्या दारात आला, तो वेल्ह्याकडचा की हिरडस मावळातला, हेही आम्ही कधी विचारले नव्हते. "वाईट वागलो नाही रे आपण त्याच्याशी," आई माझ्याकडे बघून म्हणाली. मी म्हणालो, "नाही आई." दोघेही खरेच बोलत होतो, आणि तरी कोणी कोणाकडे बघितले नाही.

दुसरी वंशावळ कुणाची काढायची, हे त्या रात्री न बोलताच ठरले. माझा एक जुना विद्यार्थी वेल्हे तालुक्यात शिक्षक आहे. तो ज्या शाळेत शिकवतो तिथे एका कातकरी वाडीची मुले येतात. त्याला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो.

भोरहून कापूरहोळ, पुढे चेलाडीवरून नसरापूरकडे आत वळले, की मार्गासनीपासून डोंगर जवळ येऊ लागतात. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने या वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला. त्या दिवशी मात्र राजगड आणि तोरणा दोन्ही ढगात होते. भातखाचरांत चिखलणी चालली होती. गुंजण मावळ, कानद खोरे, हिरडस मावळ ही नावे मी शाळेत पाठ केली होती. त्यांच्याबरोबर कारीचे जेधे, बांदल, शिळीमकर ही देशमुखांची नावेही. वाटेत मी मुलीला ती ऐकवली. "आणि कातकऱ्यांची?" तिने विचारले. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

वाडी वीसेक घरांची. पावसाळ्यात ती भरलेली असते, असे गुरुजींनी सांगितले, कारण वीटभट्ट्या तेव्हा बंद असतात. आम्हाला ज्या घरात नेले तिथे एक म्हातारी बाई, तिची सून आणि दोन नातवंडे होती. सासूसुना आपसात बोलत तेव्हा ती कातकरी भाषा असे. माझ्याशी बोलताना त्या मराठीवर येत. मला चार शब्दांतला एक कळे. मराठीचा एम.ए. त्या घरात गेल्या पंचवीस वर्षांत प्रथमच असा मागच्या बाकावर बसला होता.

मुलीने वही काढली, आणि आपण कोण, हे कशासाठी विचारतो, नको असेल तर सांगू नका, असे सगळे नीट सांगितले. म्हातारीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "इचार की. पर आदी तू सांग. तुज्या आयचं गाव कंचं? मामा किती? तुज्या बापाला भनी किती?"

मुलगी सांगत गेली. म्हातारी मान हलवत, बोटांवर धरत गेली. पाच मिनिटांत आमच्या घराच्या तीन पिढ्या तिच्या बोटांवर आल्या, बायकांसकट. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आत्याला पोर नव्हतं? मग म्हातारपनी तिला बघितलं कुनी?" मी म्हणालो, "आम्हीच." ती म्हणाली, "बरं केलं." ज्यांचा अभ्यास करायला आम्ही गेलो होतो, त्यांनी आमचा अभ्यास करून आम्हाला पास केले होते.

मग तिने आपले सांगितले. त्रिकोण, वर्तुळे, आडव्या रेघा. वहीचे पान भरले. सुनेचे लग्न सोळाव्या वर्षी झाले, असे ती म्हणाली तेव्हा मुलीने विचारले, "इतक्या लवकर का?" मी मनात उत्तर तयार ठेवले होते: अज्ञान, रूढी. म्हातारी म्हणाली, "उचल जोडीला मिळती, बाय. एकट्या पोराला मुकादम काय देत न्हाई. नवराबायको असली तर पैसं. थोरल्याच्या दुखन्याचं देनं झालं हुतं. मंग धाकट्याचं लगीन लावलं."

मुलीची पेन्सिल थांबली. तिच्या वहीत त्रिकोण आणि वर्तुळ यांच्यामध्ये लग्नाच्या दोन रेघा होत्या. त्याच दोन रेघा मुकादमाच्या वहीत उचलीचा आकडा होत्या. नाते पाहणाऱ्याला त्यात लग्न दिसले असते, आणि मजुरी मोजणाऱ्याला कर्ज. म्हातारीला दोन्ही एकच दिसत होते, कारण ते एकच होते. उचल घेतली की दिवाळीनंतर जोडीने भट्टीवर जायचे, मुलांना बरोबर न्यायचे, मे महिन्यात परत यायचे. हिशेबात काही फिटले नाही तर पुन्हा उचल. गुरुजींच्या हजेरीपत्रकात त्या मुलांपुढे नोव्हेंबरपासून रिकाम्या चौकटी असतात. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. तो पुस्तकात आहे, आणि ही वाडी तोरण्याच्या पायथ्याशी आहे.

एकच दळण दोनदा दळायचे, या सौभाग्यवतींच्या म्हणण्याचे उत्तर मला तिथे मिळाले. दळण एकच आहे, हे खरे. पण जात्याला दोन तळ्या असतात. एका तळीने पीठ पडत नाही.

निघताना म्हातारीने चहा ठेवला. सुनेने नातवाच्या कानात काही सांगितले. तो पावसात पळत शेजारच्या घरी गेला आणि सदऱ्याखाली झाकून दोन कपबशा घेऊन आला. घरातल्यांनी चहा स्टीलच्या पेल्यांतून घेतला. आम्हा दोघांना कपबशा. आम्ही घरात, चुलीजवळ, चटईवर बसलो होतो. माझ्या कपाला कान होता. तो कान धरताना माझी बोटे क्षणभर अडखळली. मुलीने ते पाहिले, पण तिने वहीत काही लिहिले नाही.

परतीच्या वाटेवर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, मला भीती वाटते. मीही त्यांना वहीत घालून आणलं. कपाटात ठेवलं की झालं."

तेव्हा मी तिला इरावतीबाईंचीच एक गोष्ट सांगितली. ती मी अलीकडे वाचली होती. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर. पुढे नाझींच्या वंशविचाराला ज्यांनी शास्त्राचे बळ दिले, त्यांतला हा माणूस. इरावतीबाईंना काम मिळाले ते माणसांच्या कवट्यांच्या दोन बाजू मोजून त्यांतली असमानता तपासण्याचे. गोऱ्या वंशाचे वेगळेपण तिथे दिसेल, अशी गुरूची धारणा होती. तेवीस-चोवीस वर्षांच्या त्या मुलीने कवट्या मोजल्या आणि वंशाचा आणि त्या असमानतेचा संबंध दिसत नाही, असे लिहून दिले. "म्हणजे वही वाईट नसते," मी म्हणालो. "मोजणाऱ्याने जे आढळेल ते लिहावे, गुरूला आवडो न आवडो. किंवा बापाला."

ती हसली. नसरापूरला गाडी थांबली तेव्हा मी खिशात हात घातला. पेन तिथेच होते; बहुधा आठ दिवस तिथेच असावे. कागद तिच्या पिशवीत होता. टपरीच्या फळीवर ठेवून मी सही केली.

पंधरा दिवसांनी रात्री दहा वाजता आईचा फोन आला. इतक्या उशिरा ती फोन करत नाही; मी घाबरलो. "अरे, त्याचं नाव," ती म्हणाली. "दोन नावं सारखी तोंडावर येताहेत. एक त्याचं असेल, एक त्याच्या भावाचं. दोघंही यायचे. कुठलं कुणाचं ते नक्की आठवेना. तिला सांग." मुलीने दोन्ही नावे वहीत लिहिली आणि दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह काढले. ती नावे मी इथे देत नाही. मुलीच्या शास्त्राचा तसा दंडकच आहे, की ज्याची माहिती घेतली त्याचे नाव त्याच्या संमतीवाचून छापायचे नाही. ज्याचे नाव आम्ही चाळीस वर्षे विचारले नाही, त्याला न विचारता ते छापण्याचा अधिकार आम्हाला कुठून असणार?

आईने परसातला कोनाडा बघितला. कप कधीच फुटून गेला होता. तिथे आता पणत्या ठेवलेल्या आहेत.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरोघरी फराळाची ताटे फिरत असतील. वेल्ह्याच्या त्या वाडीत सामानाची बांधाबांध चालली असेल. दिवाळी झाली की वाडी उठते. गुरुजींनी या वर्षी पाच मुलांना गावातच नातेवाइकांकडे ठेवून घ्यायचे ठरवले आहे. कुणाचे पोर कुणाकडे राहू शकेल, हे ठरवताना त्यांना माझ्या मुलीच्या वहीतले ते पान उपयोगी पडले. त्याची एक प्रत ती म्हातारीला विचारूनच त्यांना देऊन आली. पाचांपैकी किती राहतील, ते मे महिन्यात कळेल. मोजायला आणि मुक्काम करायला ती पुन्हा जाणार आहे, आणि या खेपेला तिची आईही बरोबर येते म्हणते आहे.